इंग्लंडच्या सॉलिसिटर परीक्षेसाठी कोर्स कुठला घेऊ? (एसक्यूई १, जुलै)

जास्वंद · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे इथे, पहिल्यांदाच धागा काढतेय, विषय जरा कोरडा आहे पण सांभाळून घ्या.

मी वकील, पुण्यात. सनद मिळून साडेचार वर्षं झाली, एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) वगैरे सगळं झालंय. एका फर्ममध्ये करारमदार, कंपन्यांची कामं, थोडंफार आर्बिट्रेशन. कोर्टात उभी राहते पण ते बहुतेक तारीख घ्यायला. नवऱ्याला कंपनी इंग्लंडला, रेडिंगला पाठवतेय, पुढच्या दिवाळीच्या आत जाऊ असं दिसतंय, आणि मला तिकडे जाऊन नुसतं घरात बसायचं नाहीये (सासूबाई म्हणतात वर्षभर आराम कर. आराम!). डिपेंडंट व्हिसा असेल त्यामुळे कामाला अडचण नाही. तर एसक्यूई द्यायची असं डोक्यात आहे, पहिला भाग इथूनच जुलैमध्ये देऊन टाकायचा.

गाडी अडलीय कोर्सपाशी. गेले तीन आठवडे रोज रात्री वीस टॅब उघडून बसते, बीपीपी, युनिव्हर्सिटी ऑफ लॉ, बार्ब्री, क्यूएलटीएस स्कूल, कॉलेज ऑफ लीगल प्रॅक्टिस, आणखी चारपाच, सगळ्यांचं सगळंच उत्तम, सगळ्यांकडे हसणारी मुलं. एका ठिकाणी फोन नंबर टाकायची चूक केली तर आता दिवसाआड एक मुलगा फोन करतो, मॅम सीट्स भरत आल्यात. ऑनलाइन कोर्सच्या सीट्स भरतात कशा?

परीक्षेचीच फी सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या भागाला १,९३४ पाउंड आणि दुसऱ्याला २,९७४ झालीय, म्हणजे ४,९०८. पाउंड ११८ धरला तर पावणेसहा लाखांच्या वरच. त्यामुळे कोर्सला अजून फार तर दोन अडीच लाख घालू शकते. समोर तीन वाटा आहेत, लाइव्ह लेक्चरवाला महागडा कोर्स, रेकॉर्डेड व्हिडिओ आणि वेळापत्रक देणारा मधला, किंवा नुसती पुस्तकं आणि प्रश्नसंच घेऊन घरी बसायचं. नोकरी चालू ठेवूनच करायचंय, रोज दोन तास आणि शनिवार-रविवार. कुणी दिलीय का ही परीक्षा?

चहाबाज · सोमवार, रात्री ११:५८

मला वाटलं फोर्टातल्या बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा. आमचे एक मामा त्या परीक्षेला इतक्या वेळा बसले की शेवटी मामीनेच सांगितलं आता उठा.

बाकी विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय.

कोर्टकचेरी · मंगळवार, सकाळी ७:१५

मी दिलीय, मुंबईतून. सध्या बर्मिंगहॅमला आहे. घाईत लिहितोय, उरलेलं नंतर.

आधी परीक्षा काय आहे ते नीट बघा म्हणजे कोर्स आपोआप कळेल. पहिल्या भागात दोन पेपर, एफएलके १ आणि एफएलके २, वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकात १८० प्रश्न, पाच पर्याय, त्यातला 'सगळ्यात योग्य' एक. ९० प्रश्नांचं एक सत्र २ तास ३३ मिनिटांचं, मध्ये तासाभराची सुट्टी, परत ९०. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४२ सेकंद. पुस्तक नाही, कायद्याची प्रत नाही, काही नाही. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळे एकही कोरा सोडायचा नाही. पास व्हायला दोन्ही पेपरांत ५०० पैकी ३०० हवेत, हा आकडा प्रमाणित करून काढलेला असतो, ६० टक्के प्रश्न बरोबर असा त्याचा अर्थ नाही.

पहिल्या पेपरात कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट (करार नसतानाही नुकसानभरपाई मागता येते तो कायदा), बिझनेस लॉ, दिवाणी दावे, घटना. दुसऱ्यात जमीन, प्रॉपर्टीची खरेदीविक्री, मृत्युपत्र, ट्रस्ट, फौजदारी, आणि सॉलिसिटरचे हिशेब. नीतिमत्ता आणि टॅक्स वेगळे विषय नाहीत, ते मिठासारखे सगळीकडे टाकलेत.

दुसरी गोष्ट. एसआरए, म्हणजे तिथली सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था, कुठल्याही तयारीच्या कोर्सला मान्यता वगैरे देत नाही. परीक्षा घेते कापलान ही कंपनी, आणि म्हणूनच कापलान स्वतः एसक्यूईचा क्लास चालवत नाही. तेव्हा 'अधिकृत मान्यताप्राप्त कोर्स' असा बोर्ड लावलेला कुणी दिसला तर तिथून चपला घालून निघायचं. कोर्स करायलाच हवा असाही नियम नाही.

जास्वंद · मंगळवार, दुपारी १:२०

खूप आभार! लंच ब्रेकमध्ये वाचतेय. शेवटचं वाक्य महत्त्वाचंय, कारण इथल्या एका क्लासच्या जाहिरातीत अगदी तोच शब्द आहे, मान्यताप्राप्त.

पमाकाका · मंगळवार, दुपारी ३:०५

मुली, राग मानू नकोस. पण आठ लाख रुपये घालून परत पहिलीत बसायचं कशाला? इथे चांगली प्रॅक्टिस चालू आहे. त्या लोकांना आपल्याकडून पाउंड हवेत एवढंच. पूर्वी निदान बॅरिस्टर होऊन आले की गावात मिरवणूक निघायची.

रेडिंगवाली · मंगळवार, दुपारी ४:४०

काका, मिरवणूक मी काढते तिची, ओरॅकल मॉलपासून स्टेशनपर्यंत, चालेल ना? 😄

जास्वंद, मी रेडिंगलाच असते, सध्या पॅरालीगल (सॉलिसिटरची मदतनीस) आहे. एसक्यूई १ झाली, दोन व्हायचीय. लाइव्हवाल्या महागड्या कोर्सबद्दल माझा अनुभव सांगते, नाव लिहीत नाही कारण भांडण नकोय. लग्नाआधी नागपूरहून केला. लेक्चर इंग्लंडच्या संध्याकाळी सहाला. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा, आणि तिकडे घड्याळं मागे गेली की साडेअकरा! दीडला संपायचं, सकाळी साडेनवाला ऑफिस. पहिले तीन आठवडे केलं, मग रेकॉर्डिंगवर आले. म्हणजे पैसे लाइव्हचे दिले आणि बघितलं रेकॉर्डेडच.

ते एकवेळ चालेल. पण नोट्समध्ये मृत्युपत्र नसताना बायकोला आधी मिळणारी ठरावीक रक्कम २,७०,००० पाउंड छापलेली. ती २६ जुलै २०२३ पासून ३,२२,००० झालीय. मी मेल केला, पाच दिवसांनी उत्तर आलं की धन्यवाद, संबंधित टीमला कळवलंय. परीक्षा झाली तरी नोट्समध्ये २,७०,०००च. आता हा एक आकडा मला बाहेरून कळला, जे नाही कळले ते किती असतील देव जाणे. परीक्षेत कायदा धरतात तो पेपरच्या चार महिने आधीच्या तारखेला जो असेल तो, तुमच्या नोट्स कधीच्या आहेत ते कुणी विचारत नाही.

पैसे परत मागितले तर म्हणाले १४ दिवसांची मुदत गेली, शिवाय तुम्ही व्हिडिओ चालू केलेत तेव्हा हक्क सोडल्याच्या चौकोनावर टिक केलीय. केली होती खरी. वकील असून न वाचता टिक केली हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

जास्वंद · मंगळवार, रात्री १०:३०

बापरे. रात्री साडेअकराचं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका, राग नाही आला. पण तिकडे गेल्यावर इथली सनद फ्रेम करून भिंतीलाच लावायची ना, म्हणून.

एक शंका. कॉन्ट्रॅक्ट मी रोजच करते, आपला १८७२ चा कायदा इंग्रजांनीच दिलाय, टॉर्टही बऱ्यापैकी तेच. तर एफएलके १ जवळजवळ उजळणीच होईल ना? मग सगळा जोर दुसऱ्या पेपरवर देऊन अर्धाच कोर्स घेतला तर? काही ठिकाणी विषयवार मिळतं.

खारीचा_वाटा · मंगळवार, रात्री ११:४५

अगं बाई नको. हे वाचून लॉगिन केलं दोन वर्षांनी.

मी औरंगाबादची, म्हणजे आता संभाजीनगरची, सहा वर्षं प्रॅक्टिस केल्यावर ही परीक्षा दिली. पहिल्यांदा एफएलके १ निघाला कसाबसा, एफएलके २ ला २९२. तीनशेला आठ कमी. निकाल उघडला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, किती झाल्या ते मोजायचं राहिलं आणि भाताचा गोळा झाला, तो भात आम्ही सगळ्यांनी न बोलता खाल्ला.

काय चुकलं ते सांगते. व्हिडिओ सगळे बघितले, दीडपट स्पीडने. नोट्स पाच रंगांच्या, अकरा वह्या. आणि प्रश्न सोडवले किती तर सगळे मिळून सहाशेच्या आसपास. वाचताना सगळं कळायचं, त्यामुळे येतंय असं वाटायचं.

दुसऱ्या खेपेला एकच पेपर द्यायचा होता, फीही अर्धीच. नवीन कोर्स घेतला नाही. प्रश्नसंच घेतला आणि एक साधी दोनशे पानी वही. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत, आणि पुढे का चुकला ते. चारच कारणं ठेवली होती. 'नीट वाचलं नाही', 'माहीतच नव्हतं', 'दोन पर्यायांत अडकले', आणि चौथं 'भारतातलं आठवलं'. पहिल्या शंभर चुकांमध्ये चौथ्या रकान्यात एकतीस होत्या. एकतीस! मला वाटायचं मला येत नाही म्हणून चुकतंय, पण मला येत होतं, दुसऱ्या देशाचं.

तुझ्या कॉन्ट्रॅक्टचंच घे. आपल्याकडे कन्सिडरेशन (कराराचा मोबदला) वचन घेणाऱ्याने द्यावं किंवा दुसऱ्या कुणी, कलम २(ड) मध्ये लिहिलंय. तिथे ते त्यानेच द्यावं लागतं. आधीच करून झालेलं काम आपल्याकडे कन्सिडरेशन म्हणून चालतं, तिथे सहसा नाही. अल्पवयीन मुलाचा करार आपल्याकडे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून मुळातच रद्दबातल, तिथे गरजेच्या वस्तू घेतल्या असतील तर पोराला पैसे द्यावे लागतात. पोस्टाने स्वीकृती पाठवली की तिथे पेटीत टाकल्या क्षणी करार झाला, आपल्याकडे स्वीकारणारा पत्र पोचेपर्यंत मागे फिरू शकतो. ज्यांना काहीच येत नाही ते हे नव्याने पाठ करतात. आपला हात सवयीने चुकीच्या पर्यायावर जातो.

थेम्सकाठचा_भाऊ · बुधवार, सकाळी ६:५०

वहीची आयडिया जबरी. मी इथे एका छोट्या फर्ममध्ये प्रोबेटचं काम करतो, म्हणजे मयतांच्या इस्टेटी निस्तरतो. सगळ्यांसाठी एक प्रश्न टाकतो, परीक्षेच्या धर्तीवर मीच बनवलाय. वकील नसलात तरी सांगा.

एक माणूस मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको आणि दोन सज्ञान मुलं, दोन्ही याच लग्नातली. घर एकट्या त्याच्या नावावर. घरातल्या चीजवस्तू बायकोला मिळाल्या, त्या सोडून आणि कर्ज, टॅक्स, खर्च सगळं वजा जाता उरले ६,२२,००० पाउंड. त्यातले बायकोला किती?

अ) ६,२२,०००
आ) ३,२२,०००
इ) ३,११,०००
ई) ४,७२,०००
उ) २,०७,३३३

वेळ १ मिनिट ४२ सेकंद. गुगल करायचं नाही.

चहाबाज · बुधवार, सकाळी ९:१०

उ. तिघांना सारखं. आमच्याकडे आजोबा गेले तेव्हा तलाठ्याने असंच केलं होतं.

मांडवी · बुधवार, सकाळी ९:३२

आमच्या गोव्यात नवराबायकोची मालमत्ता लग्नापासून अर्धी अर्धी, घर कुणाच्या का नावावर असेना. त्यामुळे अर्धं तिचंच, उरलेलं मुलांचं. इ.

पमाकाका · बुधवार, सकाळी ११:००

आई जिवंत आहे का त्या माणसाची? प्रश्नात दिलेलं नाही. आई असेल तर चार हिस्से होतील.

रेडिंगवाली · बुधवार, दुपारी १२:१५

मला येतंय पण मी सांगणार नाही. माझं वरचं रडगाणं वाचलंत तर तुम्हालाही येईल.

जास्वंद · बुधवार, दुपारी १:२५

मी खरं सांगू? पहिल्यांदा मनात उ च आलं, मग रेडिंगवालीचे ३,२२,००० आठवले म्हणून आ वर गेले. आ?

थेम्सकाठचा_भाऊ · बुधवार, रात्री ११:२०

उत्तर ई. बायकोला आधी ३,२२,०००. राहिले तीन लाख, त्याचे निम्मे म्हणजे दीड लाख परत तिलाच. एकूण ४,७२,०००. उरलेल्या दीड लाखात मुलांना पाऊण पाऊण लाख.

आता गंमत बघा. चहाबाजने हिंदू वारसा कायदा लावला, मांडवीताईंनी गोव्याचा, आणि काकांनी तर वर्ग एकच्या वारसात आईलाही बसवलं. आपापल्या घरी तिघेही बरोबर. काका, इंग्लंडमध्ये मुलं असली की आईला या वाटणीत शून्य. मुलगा तिला पोसत असेल तर ती १९७५ च्या कायद्याखाली कोर्टात मागू शकते, पण तो वेगळा अर्ज. चुकीचे पर्याय हवेतून येत नाहीत, कुणीतरी हमखास करेल अशी चूक शोधून पर्याय बनवतात. जास्वंदची आ ही अर्धं माहीत असणाऱ्याची चूक आहे, परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात.

'घर एकट्या त्याच्या नावावर' हेही उगाच नाही लिहिलेलं. दोघांच्या नावावर जॉइंट टेनन्सीने असतं तर घर परस्पर बायकोचं झालं असतं, या हिशेबात आलंच नसतं.

आता तोच प्रश्न, फक्त एक बदल. नवरा गेल्यावर बरोबर एकवीस दिवसांनी बायकोही गेली. तिने मृत्युपत्र करून सगळं तिच्या बहिणीला दिलंय. बहिणीला या ६,२२,००० मधलं किती? हे घरी करा.

कोर्टकचेरी · गुरुवार, सकाळी ७:४०

भाऊंनी धागा हायजॅक केला पण कारणी लावला. मी कोर्सच्या मूळ प्रश्नावर येतो.

ज्याला त्याला पुढचे प्रश्न फोनवर विचारा, त्या सीट्सवाल्या पोरालासुद्धा. तुमच्याकडे पाच पर्यायांचे प्रश्न किती, आणि उरलेले चार का चूक ते प्रत्येकाचं समजावलंय का, की नुसतं 'बरोबर उत्तर ब'. पूर्ण १८० चे सराव पेपर किती. नोट्स शेवटच्या कधी बदलल्या. नापास झाले तर लॉगिन चालू राहतं की परत पैसे. शंकेला उत्तर माणूस देतो का आणि किती दिवसांत. आणि पासिंग रेट सांगितला तर तो कुणाचा ते विचारा, सगळ्या नाव घातलेल्यांचा की ज्यांनी कोर्स पुरा केला आणि निकाल कळवला त्यांचा. यात फार फरक पडतो. एकूण निकाल माहीत असावा म्हणून, जानेवारी २०२५ ला ५६ टक्के आणि जुलै २०२५ ला ४१ टक्के लागला होता. जुलै २०२४ लाही ४४ च होता.

प्रयत्न तीनच मिळतात, सहा वर्षांत. पहिल्या वेळी दोन्ही पेपर एकाच खेपेला द्यावे लागतात, त्यामुळे एक आता एक नंतर असा बेत असेल तर विसरा.

परीक्षेच्या साइटवर नमुना प्रश्न फुकट आहेत. पैसे भरायच्या आधी ते घड्याळ लावून सोडवा. मी आळशीपणा करून शेवटच्या आठवड्यात बघितले आणि कळलं की माझ्या कोर्सचे प्रश्न चार चार ओळींचे होते, खरे त्याहून बरेच लांब.

सोनचाफा_२५ · गुरुवार, सकाळी १०:०५

मध्येच विचारते, मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, सनद नाही. मला चालेल का? तिथे दोन वर्षं काम करावं लागतं असं ऐकलंय.

कोर्टकचेरी · गुरुवार, सकाळी १०:३०

हो, दोन वर्षांचा कामाचा अनुभव, जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून, आणि सॉलिसिटरने सही करून खात्री द्यावी लागते. बाहेरच्या देशात वकील झालेल्यांना ही अट नाही. तेव्हा आधी सनद घ्या, एआयबीई द्या, मग बघा. आणि परीक्षा पास झाली की व्हिसा मिळतो असं कुणी सांगत असेल तर तोही चपला घालायचाच प्रसंग. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करला साधारण ४१,७०० पाउंड पगार लागतो, ती नोकरी आपली आपण शोधायची.

जास्वंद, तुमच्यासाठी अजून एक. परदेशी वकिलाला अनुभवाच्या जोरावर दुसऱ्या भागातून सूट मागता येते, किमान दोन वर्षांचा हवा, अर्ज करावा लागतो, केस बघून ठरवतात. मिळाली तर २,९७४ पाउंड वाचले, फक्त मग इंग्रजीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. म्हणून दोन्ही भागांचं पॅकेज आत्ताच घेऊ नका. सवलतीच्या नावाखाली तेच गळ्यात मारतात.

सातबारावाला · गुरुवार, रात्री ९:१५

एफएलके २ मधल्या जमिनीबद्दल दोन शब्द, कारण आमचं सगळं आयुष्य तलाठी ऑफिसात गेलं आणि पोरगी सध्या हीच परीक्षा देतेय, तिच्या नोट्स वाचून माझीच करमणूक होते.

आपला सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही हे कोर्ट किती वेळा सांगतं, तरी गावात तोच पुरावा. तिकडे लँड रजिस्ट्रीत नाव लागलं की तोच मालक, सरकार हमी घेतं, चुकलं तर भरपाई देतं. उताऱ्याचे तीन भाग, पहिल्यात जमीन कुठली, दुसऱ्यात मालक कोण, तिसऱ्यात बोजे. आणि कुणीही कुणाचाही उतारा काढू शकतो, सात पाउंडात. पोरीला म्हटलं बघ, सातबारा तिकडे पण सातलाच.

पण ती अडकते कुठे, तर कागदावर एक मालक आणि कागदाबाहेर दुसऱ्याचा हक्क, हे दोन्ही तिथे एकाच वेळी खरं असतं. घर नवऱ्याच्या नावावर, पैसे बायकोनेही घातलेत आणि ती तिथे राहते, मग बँकेने काय करायचं वगैरे. आपल्याकडे ट्रस्टची मालकी विश्वस्ताचीच, लाभार्थीला नुसता हक्क, त्यामुळे हे दुहेरी डोक्यात बसायला तिला महिना लागला. जास्वंद, या एका विषयाला मात्र शिकवणारा माणूस हवा, नुसत्या प्रश्नसंचावर जाऊ नका.

खारीचा_वाटा · गुरुवार, रात्री १०:०२

सातबारावाल्या काकांना हजार मोदक. माझे २९२ याच विषयाने केले.

आणि हिशेबाचा विषय शेवटाला ठेवू नकोस. क्लायंटचे पैसे वेगळ्या खात्यात, फर्मचे वेगळ्या, कुठली एंट्री कुठे. बी.कॉम. करून लॉला आलेल्यांना फुकटचे मार्क आहेत, आपल्यासारख्यांना घाम फुटतो. घरात कुणी सीए असेल तर रविवारी जेवायला बोलव आणि जेवण व्हायच्या आत शिकून घे, नंतर ते झोपतात.

पमाकाका · शुक्रवार, सकाळी ८:२०

वाचतोय सगळं. आईला शून्य हे काही पटलं नाही. आमच्या हिला सांगितलं तर म्हणाली मुलगा लंडनला आहे, आधी मृत्युपत्र करायला सांगा त्याला. आत्ताच फोन केला. तो म्हणाला बाबा मला ३४ वर्षं आहेत. म्हटलं भाऊ नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांना भेट.

थेम्सकाठचा_भाऊ · शुक्रवार, दुपारी २:१०

काका, खरंच पाठवा. 🙏

जास्वंद · रविवार, रात्री ११:३०

मंडळी, दोन दिवस गायब होते कारण तुम्ही सांगितलं ते करून बघत होते.

शनिवारी साइटवरचे नमुना प्रश्न घेतले, ९० निवडले, फोन नवऱ्याकडे दिला आणि २ तास ३३ मिनिटांचा टायमर लावला. काहीही न वाचता. ७९ सोडवून झाले तेव्हा वेळ संपला, उरलेल्या अकराला डोळे मिटून 'क'. बरोबर आले ३८. मग वही केली (दोनशे पानी नव्हती, लेकाच्या हस्ताक्षराच्या वहीची मागची पानं). 'भारतातलं आठवलं' मध्ये सतरा. त्यातले नऊ कॉन्ट्रॅक्ट आणि टॉर्टचे, म्हणजे जे सोडून द्यायला निघाले होते तेच. अर्ध्या कोर्सचा विचार रद्द.

मग तीन ठिकाणचं फुकट ट्रायल घेतलं आणि तिन्हीकडे एकच गोष्ट शोधली, मृत्युपत्र नसताना बायकोची रक्कम. दोघांकडे ३,२२,०००. तिसऱ्याकडे नमुना प्रकरणात अजून २,७०,०००. रेडिंगवाली, तुझाच कोर्स असावा बहुतेक, रंग निळा आहे का? व्यक्तिगत निरोप पाठवते.

मग फोनवर प्रश्न विचारले. सीटवाल्या मुलाला विचारलं पासिंग रेट कुणाचा, तर म्हणाला मॅम मी सीनियरना विचारून सांगतो, तेव्हापासून फोन बंद झालेत! एवढ्यासाठी तरी कोर्टकचेरींना मिसळ लागू.

शेवटी मधला घेतला. रेकॉर्डेड, आठवड्याचं वेळापत्रक देतात, प्रश्न भरपूर आणि प्रत्येक पर्यायाचं स्पष्टीकरण आहे, नापास झाले तर पुढच्या खेपेपर्यंत लॉगिन चालू. फक्त पहिला भाग घेतला. लाइव्ह नाही याचं आधी वाईट वाटत होतं, आता रात्री साडेअकरा वाजलेत आणि मी अंथरुणात आहे, तर नाही वाटत. जमीन आणि ट्रस्टसाठी वेगळे सहा तास एका शिक्षिकेकडे घेणार आहे, त्या रविवारी सकाळी आपल्या वेळेला देतात. सगळं मिळून दोन लाख तीस हजार. हिशेबासाठी दीर सीए आहे, पुढच्या रविवारी पुरणपोळी.

आणि भाऊ, तुमचा घरचा अभ्यास. बायको अठ्ठावीस दिवस जगली पाहिजे, नाहीतर ती नवऱ्याच्या आधीच गेली असं धरतात. ती एकविसाव्या दिवशी गेली. म्हणून तिला काहीच नाही, तिच्या मृत्युपत्रातून बहिणीलाही यातलं काही नाही. मुलांना सगळं, ३,११,००० प्रत्येकी. बरोबर?

थेम्सकाठचा_भाऊ · सोमवार, सकाळी ६:४५

बरोबर. किती वेळ लागला?

जास्वंद · सोमवार, सकाळी ८:५०

अकरा मिनिटं. आणि आधी बहिणीला ४,७२,००० देऊन बसले होते.

चहाबाज · सोमवार, सकाळी ९:०५

वहीत कुठल्या रकान्यात लिहिलंत?

जास्वंद · सोमवार, दुपारी १:३०

'नीट वाचलं नाही'.